विषय : पुस्तक प्रकाशित करून मिळणेबाबत

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षातून दोन-तीन जण तरी काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारतात, "मॅडम, पहिलं पुस्तक कसं काढायचं?" माझ्या नावावर एक पुस्तक आहे हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं. मी त्यांना बसवते, पाणी देते आणि म्हणते, "प्रकाशकाला जे पत्र लिहिणार आहात, ते आधी मला दाखवा." त्यांना वाटतं मी टाळते आहे. मी टाळत नसते. माझ्या पुस्तकाचं सगळं एका पत्रापासून सुरू झालं, आणि ते पत्र मी असं लिहिलं होतं की आजही आठवलं की कान गरम होतात.

"प्रति, मा. प्रकाशक महोदय, अमरावती. विषय : पुस्तक प्रकाशित करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करते की, मी खाली सही करणार ग्रंथपाल या पदावर कार्यरत असून माझे वडील दीड वर्षापूर्वी मयत झाले आहेत. त्यांच्या आठवणींची दोनशे बारा पाने मी लिहिली आहेत. तरी सदर पाने पुस्तकरूपाने प्रकाशित करून मिळावीत, ही नम्र विनंती. सोबत : हस्तलिखित, एक." खाली उजवीकडे "अर्जदार", आणि त्याच्याखाली माझी सही.

मराठीत एम. ए. केलेल्या, वीस वर्षं पुस्तकांत बसलेल्या बाईनं असं लिहावं, याला कारण आहे. माझे बाबा अर्जनवीस होते. अकोल्याच्या तहसील कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली मराठी टाइपरायटर मांडून ते चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत बसले. आमच्या घरात कागदावर लिहिलेली गोष्ट म्हणजे अर्ज. शाळेत असताना मी सुट्टीची चिठ्ठीसुद्धा "रजा मंजूर होऊन मिळणेबाबत" अशी नेली होती आणि बाई वर्गात मोठ्यानं हसल्या होत्या. पुढे कितीही वाचलं, तरी कोणाला काही मागायची वेळ आली की हात आपोआप तिकडेच वळायचा.

बाबा गेल्यानंतर आईनं त्यांची लोखंडी पेटी उघडली. वर स्वेटर, मफलर, आणि खाली कार्बन कॉप्यांचे गठ्ठे. कचेरीच्या भाषेत अशा कॉपीला स्थळप्रत म्हणतात; मूळ अर्ज साहेबाकडे जातो आणि प्रत आपल्याकडे राहते. बाबांनी सगळ्या अर्जांच्या प्रती ठेवल्या नव्हत्या. त्यांना स्वतःला आवडले तेवढेच ठेवले असावेत, तीनशेच्या आसपास. मी त्या वेळी वरवर चाळले. खालचा भाग बऱ्याच कागदांवर नव्हता. मला वाटलं, वाळवीनं खाल्ला. मी दोन कागदांचे फोटो काढले, पेटी बंद केली, अमरावतीला परत आले आणि लिहायला बसले. दीड वर्ष मी रोज सकाळी एक-दोन पानं लिहीत होते. त्यात पेटी होती, वाळवी होती, बाबांची बोटं होती, शाईची रिबन होती. अर्ज मात्र एकच होता, तोही अर्धा.

प्रकाशक कसा शोधावा, हेही लोक विचारतात. मी शोधला तो ग्रंथालयाच्या रॅकवर. जी पुस्तकं हातातून सुटत नाहीत ती काढायची, पहिलं पान उलटायचं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे ते पाहायचं. असे तीन मिळाले. तिघांनाही मी तोच अर्ज पाठवला. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं हस्तलिखिताचं पाकीट न फोडताच होकार कळवला आणि खर्च माझ्याकडे मागितला; मी आभार मानून फोन ठेवला. न वाचता होकार देणारा माणूस नकोच. तिसरे अमरावतीचेच होते. पंधरा दिवसांनी, भर कामाच्या वेळी, त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमी अर्ज केला का पुस्तक पाठवलं?"

"पुस्तक पाठवलं, सर."

"मंग कोर्ट फीचं तिकीट लावाचं राहून गेलं पाहा."

आणि ते असे हसले की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. वाचनकक्षातली दोन मुलं माझ्याकडे पाहू लागली. मी इतकी लाजले की फोन ठेवणारच होते. तेवढ्यात ते म्हणाले, "उद्या या घरी. तीस पानं वाचली मी. बोलू."

तीस पानं. मी उरलेला दिवस पुस्तकांवर शिक्के उलटे मारत होते. माझी तीस पानं माझ्याखेरीज एका माणसानं वाचली होती. दीड वर्षात पहिल्यांदा मला दुःखाऐवजी दुसरं काहीतरी वाटत होतं, आणि ते वाटतंय याचीही थोडी चोरी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी स्कूटी घेऊन गेले. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं प्रकाशन. गठ्ठ्यांमधून वाट काढत खुर्चीपर्यंत जायचं. साठीचे गृहस्थ, बनियनवर शर्ट घालता घालता बाहेर आले. चहा आला. माझी पानं त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या खुणा पाहून मी कप तसाच खाली ठेवला.

"एक सांगू? राग नका मानू. हे पत्र अर्ज होतं, ते ठीक. पण हे पुस्तकही अर्जच हाय. पान पाचवर तुमी वाचकाले मागून राहिल्या, माया बापाले मोठं म्हना. पान अकरावर मागून राहिल्या, मायी दया करा. वाचक काय तहसीलदार हाय? त्यानं काय काय मंजूर कराचं?"

त्यांनी पान उलटलं आणि वाचून दाखवलं : "वाळवीने अर्जदारांची नावे खाल्ली. काळही असाच माणसांची नावे खात जातो."

"वाक्य चांगलं हाय," ते म्हणाले. "हे कागद पाह्यले का तुमी?"

मी फोनमधला फोटो काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"मॅडम, वाळवी पट्टी लावून खाते काय?"

मी फोन हातात घेतला. कागदाची खालची कड सरळ होती. अगदी सरळ. दोन्ही कागदांवर एकाच जागी, जिथं "अर्जदार" हा शब्द, त्याखाली सही किंवा अंगठा आणि नाव-गाव येतं, तिथून कापलेली. मी दीड वर्ष त्या कडेवर पानंच्या पानं लिहिली होती आणि तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"तुमी इकडे रडून राहिल्या," ते म्हणाले, "अन् तो मानूस तिकडे पेटीत बसून हसून राहिला. ते अर्ज आना. ते असतील त पुस्तक हाय. नाई त आपला चहा झाला."

माझ्याकडे कोणी सल्ला मागायला आलं की मी हे सगळं सांगत नाही, पण एवढं नक्की सांगते : ज्या गोष्टीवर लिहायचं ती आधी हातात घेऊन उजेडात पाहा. तुमचं सगळ्यात सुंदर वाक्य जिथं आहे, तिथं आधी तपासा.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी अकोल्याला निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत माझा पाय सारखा हलत होता, शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, "परीक्षा हाय का तुमची?" मी हो म्हणाले.

घरी पोचल्याबरोबर आईला सगळं सांगितलं. ती शिलाई मशीनवर कोणाचा तरी ब्लाउज उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "नाई."

"अगं, पण..."

"ते लोकायचं हाय. तुये बाबा काय म्हनत? अर्ज लिवून झाला का, तो अर्जदाराचा. आपला फक्त कार्बन. चाळीस वर्षं त्यानं घरात कोनाचं नाव घेतलं नाई, अन् तू ते छापून दुकानात मांडशीन?"

हे खरं होतं. कोणाच्या घरात भांडण आहे, कोणाची जमीन वादात आहे, कोणाची सून परत आली नाही, हे बाबांना गावापेक्षा आधी कळायचं, आणि जेवताना ते फक्त वरणाबद्दल बोलायचे. मी ते अर्ज छापले तर बाबांनी आयुष्यभर पाळलेली एकच गोष्ट मी मोडणार होते. नाही छापले तर त्यांनी लिहिलेलं कोणीच कधी वाचणार नव्हतं. त्यांच्या नावानं त्यांनी एक ओळही लिहिली नाही. प्रत्येक कागदावर सही दुसऱ्याची.

मी पेटी उघडली, वरचा गठ्ठा काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "खालची कड पाहा."

आईनं बोट फिरवलं. मग दुसऱ्या कागदावर फिरवलं. तिसऱ्यावर. मग मशीनच्या ड्रॉवरमधून बटणांचा डबा काढला आणि त्यात पाहत राहिली.

"ब्लेड!" ती म्हणाली. "दर महिन्याले मायं एक ब्लेड कमी व्हाचं. मी शेजारचीवर आळ घेतला. दोन वर्षं बोलली नाई मी तिच्यासंगं!"

आणि ती हसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. मीही हसले. नावं त्यांनी स्वतःच कापून ठेवली होती. ज्याला ते कोणालाच वाचू द्यायचे नाहीत, तो एवढ्या अर्जांना पट्टी लावून कशाला कापत बसेल?

तरीही आई लगेच हो म्हणाली नाही. "नाव कापलं म्हनून मानूस कापला जाते का? तू वाच एकेक. मी सांगतो कोनता ठेवाचा." आमच्याकडे बायाही "मी सांगतो"च म्हणतात, पुण्याची माझी एक मैत्रीण त्याला व्याकरणाची चूक समजते.

मी वाचायला लागले. बाबांची पद्धत मला तेव्हा कळली. प्रत्येक अर्जात "उपरोक्त", "सदर", "तरी" असं सगळं ठरलेलं, आणि मध्येच एक वाक्य त्या माणसाच्या तोंडचं, जसंच्या तसं. बाबांनी ते फक्त कचेरीच्या मराठीचा कोट चढवून बसवलेलं. एका गृहस्थाला गावातला एसटी थांबा पूर्वीच्या जागी हवा होता : "नवीन थांबा अर्जदाराच्या मुलीच्या सासरच्यांच्या घरासमोर असल्याने बसची वाट पाहताना त्यांच्याशी बोलणे भाग पडते." एका बाईची म्हैस वीज पडून मेली होती : "मयत म्हैस काळी कुळकुळीत होती. पंचनाम्यात तिला भुरी म्हटले आहे. नुकसानभरपाई मिळो अथवा न मिळो, परंतु रंग दुरुस्त करून मिळावा."

"हे ठेव," आई म्हणाली.

एका भावाचा भावाविरुद्ध होता. "नको. त्यायचे लेकरं आता एका ताटात जेवतात." एक सुनेचा. "नको, ते अजून तिथंच नांदते." एक लांबलचक, पांदणीचा, म्हणजे शेतात जायच्या वाटेचा. "ठेव. तो मानूस स्वतः चौकात उभा राहून हेच सांगे." ठेवायचे मशीनवर, नाही ते परत पेटीत. दुपारचं जेवण राहून गेलं. चारच्या सुमारास आईनं फोडणीचे पोहे केले आणि आम्ही ते अर्जांपासून दूर, दारात बसून खाल्ले, तेल लागू नये म्हणून. रविवारी संध्याकाळी मशीनवर चौसष्ट अर्ज होते. मी खूप पुस्तकं वाचली आहेत, पण संपादन म्हणजे काय हे मी त्या दोन दिवसांत शिकले, सातवी पास बाईकडून.

ते चौसष्ट अर्ज घेऊन मी पुस्तक पहिल्यापासून लिहिलं. जुन्या दोनशे बारा पानांतली तीस-चाळीस उरली. वाळवी गेली. काळ माणसांची नावं खातो, तेही गेलं. पानं जाताना दुखतं असं लोक म्हणतात. मला खरं सांगायचं तर मजा येत होती. प्रत्येक अर्जाशेजारी मी फक्त तो दिवस लिहायचा प्रयत्न केला : मी शेडमध्ये डबा घेऊन गेले तेव्हा काय दिसलं, बाबांनी तो माणूस कसा बसवला, सही करायच्या आधी अर्ज त्याला कसा मोठ्यानं वाचून दाखवला. कोणाकडे काही मागायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

प्रकाशकांनी या वेळी सगळी पानं वाचली आणि फोनवर एकच शब्द बोलले, "मंजूर." मी ग्रंथालयाच्या मागच्या रॅकमध्ये जाऊन, कोणी नाही असं पाहून, दोन्ही हात वर केले. इतिहासाच्या विभागात. सत्तेचाळिसाव्या वर्षी.

मग मुद्रितं, म्हणजे तपासायची प्रुफं, आली. पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या बाई फार चोख. प्रत्येक अर्जाखाली मी कोरी जागा सोडायला सांगितली होती, बाबांनी कापली तेवढी. त्यांनी ती भरून टाकली. मी खूण केली. दुसऱ्या वेळी पुन्हा भरलेली.

"ताई, तिथं जागा सुटून राहिली होती, म्या वर घेतलं," त्या म्हणाल्या.

"ती सुटली नाही, सोडली आहे."

"रिकामं पान चांगलं नाई दिसत ना पन!"

तिसऱ्या वेळी प्रकाशकांनीच लाल पेनानं प्रत्येक जागेत लिहिलं : ही चूक नाही. नशीब, की छापायला जाण्याआधी मी शेवटचं मुद्रित पुन्हा पाहिलं. एका पानावर अर्जाच्या खाली "ही चूक नाही" असं ठळक अक्षरात जुळवलेलं होतं.

मुद्रितं मी आईला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवत होते. बाबा अर्जाच्या शेवटी टाइप करायचे, "वाचून दाखविले, समजले, बरोबर आहे." डोळ्यांना न दिसलेल्या चुका कानाला लागतात. हे मात्र मी प्रत्येक नवीन लेखकाला सांगते, आणि ऐकायला साहित्यातला माणूस घेऊ नका, असंही.

पुस्तक आलं त्या दिवशी मी रजा टाकली. गठ्ठ्याची सुतळी प्रकाशकांनी मला सोडायला दिली. वरची प्रत अजून थोडी ओलसर वाटत होती. मुखपृष्ठावर शीर्षक म्हणून अर्जासारखी विषयाची ओळ होती, खाली माझं नाव, आणि आतल्या पानावर : "अर्जलेखन", पुढे बाबांचं नाव. मी वासच घेत राहिले. ते म्हणाले, "वाचाल का नुसतं हुंगाल?"

एक प्रत आईला दिली, एक बाबांच्या शेजारी तीस वर्षं बसलेल्या काकांना. ते आता त्याच शेडखाली कॉम्प्युटर मांडून बसतात. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि लोकांचा नंबर येईपर्यंत त्यांना त्यातले अर्ज वाचून दाखवायला लागले. चार महिन्यांनी ग्रंथालयाच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक पाकीट आलं.

"विषय : पुस्तकात नाव टाकून मिळणेबाबत. महोदया, आपल्या पुस्तकातील मयत म्हैस ही अर्जदाराची आहे. रंग बरोबर छापल्याबद्दल समाधान आहे. परंतु मालकिणीचे नाव कोठेही आढळून येत नाही. खालची जागा मोकळीच आहे. तरी पुढील आवृत्तीत सदर जागेत नाव टाकून मिळावे." खाली "अर्जदार", आणि हातानं काढलेली, हळूहळू गिरवलेली सही.

मी काकांना फोन लावला. "काका, हे तुम्ही टाइप केलं?"

"हो मंग. थे बाई पुस्तक ऐकता ऐकता उठूनच उभी राहिली. म्हने, थे म्हैस मायी. मले म्हने, नाव कावून नाई टाकलं? मी काय चोरून म्हैस पाळली होती?"

मी पोट धरून हसले, आणि मग घाबरले. आईला फोन केला. ते दोन दिवस आम्ही ज्याची भीती धरून बसलो होतो, तो माणूस आला होता, आणि त्याची तक्रार भलतीच निघाली.

"त्याईनं कापलं होतं," आई म्हणाली, "पन ते त्याईचं काम होतं. आता तिनं मांगतलं. अर्ज आला म्हनजे उत्तर द्या लागते."

प्रकाशक म्हणाले, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा पाहू, पण त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, निघेल. पुढच्या शनिवारी अकोल्याला गेले, बाबांच्या टाइपरायटरवरचं कापड काढलं, दोन कागदांमध्ये कार्बन घातला आणि "विषय : नाव टाकून देणेबाबत" असं उत्तर लिहिलं. दोन ठिकाणी चुकले, पुन्हा टाइप केलं. मूळ प्रत पाकिटात घातली. स्थळप्रत पेटीत ठेवताना आईनं ब्लेडसाठी बटणांचा डबा पुढे केला.

मी नको म्हणाले. त्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं पत्त्यात होतं, तसंच राहू दिलं.